हायब्रीडला राजी

लातूर
२४ फेब्रुवारी २०२६

व्याहीबुवा नागसेनराव यांना कोंडाबाईचा सप्रेम जय भीम.

तुमच्या कानाचं माहीत असून काल मी फोन केला, ही माझीच चूक. मी ‘गाडी’ म्हणाले, तुम्ही ‘साडी’ ऐकलंत आणि लुंबिनीकडं साड्या पुष्कळ आहेत असं सांगून फोन ठेवून दिलात. शेजारच्या नीलम्माला भिंतीपलीकडून माझं सगळं बोलणं ऐकू गेलं, तुम्हाला मात्र गेलं नाही. मोबाईलवर लिहावं तर तुमचा मोबाईल लुंबिनीच बघते. म्हणून कागद काढला. एसटीत माझ्या हाताखाली शिकलेली शिवानी कंडक्टर सध्या लातूर-नांदेड गाडीवर आहे. ती पाकीट आणून देईल, उत्तरही तिच्याच हाती द्या.

विषय एकच आहे. माझा आनंदराज आणि तुमची लुंबिनी दिवाळीपासून गाडी घेऊन राहिलेत. घेत नाहीत, नुसते घेऊन राहिलेत. शनिवारी सून नांदेडहून आली की जेवण होईपर्यंत ठीक असतं, मग नवरा-बायको मोबाईल उघडून बसतात. ही उंच आहे, ती रुंद आहे, हिची डिकी लहान, तिचं मायलेज खोटं. आठवड्यातून दीड दिवस एकमेकांना भेटतात आणि तो गाड्या बघण्यात घालवतात. ऐकून ऐकून माझं डोकं उठलंय.

आता म्हणे ठरत आलंय. मोठी एसयूव्ही, आणि तीही ‘प्लग-इन हायब्रीड’. मी म्हणाले, प्लगची गाडी तुझ्या बापाची लुना होती. पावसाळ्यात रोज प्लग काढायचा, घासायचा, फुंकायचा आणि मग ढकलत न्यायची. आनंदराज हसला. म्हणाला, “आई, त्यो प्लग न्हाई. मोबाईल लावतो तसा गाडीलाच रातच्याला प्लग लावायचा. गावातल्या गावात विजेवर चालती, लांब जायचं म्हणलं की पेट्रोलवर.” म्हणजे पूर्ण विजेची नाही आणि पूर्ण पेट्रोलचीही नाही.

आणि हायब्रीड म्हणजे काय हे मला कोणी शिकवू नये. जळकोटला माहेरी आम्ही हायब्रीड ज्वारीची भाकरी खाऊन मोठे झालो. सकाळची दुपारी वातड व्हायची, कडब्याला म्हैस तोंड लावायची नाही. त्या नावाची वस्तू मी दारात उभी करू देणार नाही. लहान, नुसत्या बॅटरीची गाडी घ्यावी, गावात फिरायला ती पुरते. तुम्ही लुंबिनीला सांगा. तुम्हाला तिचं ऐकू येत नसलं तरी तुमचं ती ऐकते.

नात धम्मप्रिया मजेत आहे. जूनपासून पहिलीत जाईल. अजून माझ्याच कुशीत झोपते.

आपली विहीण,
कोंडाबाई


नांदेड
२७ फेब्रुवारी २०२६

विहीणबाई कोंडाबाई यांस सप्रेम जय भीम.

पत्र पोचलं. शिवानीबाईंनी ते बसस्टँडवर माझ्या हातात दिलं आणि ‘उत्तर परवापर्यंत तयार ठेवा’ असा हुकूमही दिला. तुमचीच शिष्या, हे सांगावं लागलं नाही.

साडीचा दोष माझ्या कानाचा नाही. डॉक्टरांनीच सांगितलंय की मला शब्दाचं डोकं ऐकू येतं, शेपूट ऐकू येत नाही. ‘गाडी’चं तुम्ही डोकंच खाल्लंत, त्याला मी काय करणार? कानाचं मशीन आहे, पण ते शिट्टी मारतं म्हणून कपाटात ठेवलंय.

आता गाडीबद्दल. मुदखेडहून सुटणाऱ्या मालगाड्यांवर मी गार्ड म्हणून आयुष्य काढलं. हल्ली त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात. काम तेच, सगळ्यात मागच्या डब्यात एकट्यानं बसायचं आणि पुढचा नीट नेतोय का ते बघायचं. डिझेल जाऊन वीज आलेली मी पाहिली आहे. जिथं विजेच्या तारा संपायच्या तिथं गाडी उभी करून विजेचं इंजिन काढायचं आणि डिझेलचं जोडायचं. त्यात दोन वेळा चहा व्हायचा. म्हणून मी लुंबिनीला विचारलं, की लोह्याजवळ वीज संपली तर दुसरं इंजिन तिथं कोण आणून जोडणार. तिनं कपाळावर हात मारला. म्हणाली, दोन्ही इंजिनं आतच असतात, आपोआप बदलतात. मग माझी हरकत संपली. दोन इंजिनांची गाडी चढाला अडत नाही.

तुमची बॅटरीची गाडी लातूरहून अहमदपूर, लोहा करत नांदेडला येईलही. परत जायचं कसं? वाटेत चार्जिंग मिळालं तर मिळालं, नाही तर चहाच्या टपरीवर बसून राहायचं. नांदेडला जाऊन परत येणं जिला अवघड, नेमकी तीच गाडी तुम्हाला का आवडावी, याचा विचार मी दोन दिवस करतोय.

आणखी एक लिहितो, राग नसावा. आपण दोघांनी जन्मभर गाडीत नोकरी केली, पण स्टिअरिंग ना तुम्ही धरलं ना मी. तेव्हा कुठली गाडी घ्यावी हे आपण न सांगितलेलं बरं. तरीही माझं मत हायब्रीडलाच आहे.

आपला,
नागसेन


लातूर
३ मार्च २०२६

व्याहीबुवांना जय भीम.

दोन दिवस विचार करायची गरज नव्हती, मला विचारायचं होतं. हो, तेच कारण आहे. बॅटरीची गाडी नांदेडला सारखी जाणार नाही, म्हणूनच ती मला पाहिजे. आता समाधान झालं असेल.

मोठी गाडी आल्यावर काय होणार ते मी आजच लिहून देते. लुंबिनी म्हणणार, आता आनंदराजला कधीही येता येईल, मग धम्मप्रियाचं नाव नांदेडच्या शाळेत घालू. तसं ती एकदा बोललीही आहे. म्हणजे सून नांदेडला, नात नांदेडला, आनंदराज दर दोन दिवसांनी नांदेडच्या रस्त्याला, आणि लातूरच्या घरात मी आणि तो भिंतीवरचा प्लग. जन्मल्यापासून त्या पोरीचं न्हाऊमाखू मी केलं. आई शनिवारी येते आणि सोमवारी पहाटे जाते, तेव्हा रडणाऱ्या पोरीला मी थोपटते. गाडी नसेल तर लुंबिनी कधी ना कधी एसटीला कंटाळेल आणि इथं येऊन राहील. लातूरला काय कॉलेजं नाहीत? अख्खा मराठवाडा शिकायला लातूरला येतो आणि आमची सून शिकवायला नांदेडला जाते.

तुमचं हायब्रीडला मत का आहे, तेही मला कळतं. लेक घरात आहे, आयता चहा, आयती भाकरी. माझी तक्रार नाही, पण मग इंजिनाच्या गोष्टी सांगू नका.

कोंडाबाई


नांदेड
६ मार्च २०२६

कोंडाबाई यांस,

माझी भाकरी मी स्वतः थापतो. लुंबिनीचीही मीच थापतो आणि ती डबा घेऊन कॉलेजला जाते. बायको गेल्यापासून या घरात आयतं काही मिळत नाही. खात्री करायची तर शिवानीबाईंना पाठवा, त्यांनाही जेवू घालीन.

लुंबिनीनं कित्येक वर्षं तासावर शिकवलं. दर उन्हाळ्यात नोकरी संपायची आणि दर जुलैत पुन्हा हात जोडायचे. मागच्या वर्षी ती पर्मनंट झाली. ऑर्डर हातात आली त्या दिवशी तिनं ती आधी तिच्या आईच्या फोटोपुढं धरली आणि मग मला दाखवली. लातूरला कॉलेजं असतील, पण तिथं तिच्यासाठी जागा रिकामी ठेवून कोण बसलंय? पुन्हा तासावर. पुन्हा हात जोडणं. हे तुम्हाला चालेल, मला चालणार नाही.

आणि पोर आईविना झोपते म्हणता. तुम्ही मुक्कामी गाडीवर जात होता, तेव्हा आनंदराज कोणाच्या कुशीत झोपत होता?

१५ तारखेला रविवारी शोरूमवाले टेस्ट ड्राइव्हला गाडी देणार आहेत. लुंबिनीबरोबर मी शनिवारीच लातूरला येतो. गाडीत बसून काय ते बोलू. जरा मोठ्यानं बोला.

नागसेन


नांदेड
१७ मार्च २०२६

विहीणबाई कोंडाबाई यांस मनापासून जय भीम.

आज मी फार आनंदात आहे, म्हणून आधीच्या पत्रातलं मुक्कामी गाडीचं वाक्य परत घेतो. ते लिहायला नको होतं.

काय गाडी आहे. लुंबिनीनं बटण दाबलं तरी ती चालू झाली की नाही ते मला कळेना. विचारलं तर म्हणाली, “बाबा, कुणालाच ऐकू येत नाही. विजेवर आवाजच नसतो.” आयुष्यात पहिल्यांदा मी बाकीच्यांइतकाच बहिरा होतो. चाकूरच्या पुढं कधीतरी पेट्रोल सुरू झालं म्हणे, तेही मला शोरूमवाल्यानं बोटानं दाखवलं. गाडी थांबवून इंजिन बदललं नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

तुम्ही मायलेक चाकूरपासून काहीतरी बोलत होता. धम्मप्रिया आपल्या दोघांच्या मधे झोपली होती, म्हणून तुम्ही हळू बोलत असाल. मी रस्ता बघत होतो. मग परत येताना लुंबिनीनं गाडी कडेला घेतली, मागं वळली आणि मोठ्यानं म्हणाली, “ठीक हाय. मी राजी.” पुढं आणखी काही म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही. पण ‘राजी’ मी या कानांनी स्पष्ट ऐकलं. तिचे डोळे भरून आले होते. मग उतरून तिनं स्टिअरिंग आनंदराजकडं दिलं. तुम्हीही एकदम गप्प झालात, तेव्हाच मी समजलो की तुमचा विरोध संपला. एवढी पत्रं लिहून जे झालं नाही ते एका फेरीत झालं.

काल मी पेढे आणले. गल्लीत वाटले आणि एक पुडा लुंबिनीच्या कॉलेजात पाठवला. शोरूमवाला पाडव्याला गाडी देतो म्हणत होता, मी म्हणतो चौदा एप्रिललाच आणू. आधी पुतळ्याला अभिवादन करू, मग सगळे मिळून तुमच्याकडं जेवायला येऊ. तुमच्या हातची हायब्रीडची भाकरीसुद्धा खाईन.

आपला,
नागसेन


लातूर
१९ मार्च २०२६

व्याहीबुवा,

तुमचं पत्र मी आधी उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. पहिल्यांदा इतकी चिडले की कागद चुलीत घालावा वाटलं. लेकीनं असं काही बोलल्यावर बापानं पेढे वाटावेत, हे मला समजेना. दुसऱ्यांदा वाचल्यावर माझ्या लक्षात आलं. शब्दाचं शेपूट.

नागसेनराव, लुंबिनी ‘राजी’ म्हणाली नाही. ती म्हणाली, “ठीक हाय. मी राजीनामा देते. गाडी नको, नोकरी नको. आता तरी समदे गप बसा.”

झालं ते असं. चाकूर सोडल्यावर मी विषय काढला, मीच काढला. म्हणाले, पोरीला आई पाहिजे, गाडी नको. आनंदराज मला समजावायच्या ऐवजी किती किलोमीटरवर वीज संपते ते सांगायला लागला. मी म्हणाले, वीज संपते तशी एक दिवस माझीही ताकद संपंल. तो म्हणाला, आई, तू कायम असंच बोलती. लुंबिनी गाडी चालवत होती. आणि मग तिनं गाडी कडेला घेतली. पुढचं तुम्ही अर्धं ऐकलंत.

मला पाहिजे होतं तेच झालं. मला आनंद व्हायला पाहिजे होता, आणि रविवारी रात्रभर मी तो व्हायची वाट बघितली. आनंदराज जेवतो, ताट धुऊन ठेवतो आणि झोपतो. माझ्याशी बोलत नाही आणि मोबाईलवर गाड्याही बघत नाही. तो बघायचा तेव्हा मी वैतागत होते, आता बघत नाही म्हणून जीव घाबरा होतो. धम्मप्रिया मात्र खूश आहे. आई इथंच राहायला येणार म्हणून नीलम्माला सांगून आली. आणि काल मला विचारते, “आजी, मग आईच्या शाळंत कोण शिकविणार?” मी म्हणाले, दुसरी कुणीतरी. ती म्हणाली, “दुसरी कशाला? ती आईची शाळा हाय ना?” मी तिला बिस्कीट दिलं.

मुक्कामी गाडीचं वाक्य परत घेऊ नका, ते खरं आहे. आनंदराज माझ्या सासूबाईंच्या कुशीत झोपायचा. सासूबाई रोज म्हणायच्या, सोड ती नोकरी. मी मान हलवायची, पहाटे डेपोत जायची आणि गाडीला दोन घंट्या द्यायची. मला तेव्हा त्यांचा फार राग यायचा. परवा गाडीत मी जे बोलले, ते शब्दसुद्धा त्यांचेच होते.

मशीन कपाटातून काढा, शिट्टी मारू द्या, आणि लेकीला नीट विचारा. मी कळवलं याचा तिला पत्ता लागू देऊ नका.

कोंडाबाई


नांदेड
२३ मार्च २०२६

विहीणबाई,

मशीन लावलं. विचारलं. तुम्ही लिहिलंत ते खरं आहे.

मागच्या सोमवारी पेढा मी स्वतः तिच्या तोंडात घातला होता. तिनं तो खाल्ला. मला तेव्हाच का सांगितलं नाहीस, असं विचारलं तर म्हणाली, “बाबा, तुम्ही लई खुश होता. म्हणलं राहू द्यावं दोन दिवस.” कॉलेजात सगळे नव्या गाडीचं अभिनंदन करत होते आणि ती सगळ्यांना थँक्यू म्हणत होती. परीक्षा संपल्या की अर्ज देणार आहे. मी म्हटलं, देऊ नकोस. तर म्हणाली, “तुम्ही म्हणता देऊ नको, आई म्हणतात दे, आनंद म्हणतो आपण बघू. मला आता काय बी बघायचं न्हाई.” तुम्हाला ती आई म्हणते, हे तुम्हाला माहीत असेलच.

तुम्ही जिंकलात. मी लाल झेंडी दाखवली असती, पण मागच्या डब्यातल्या माणसाकडं पुढं कोण बघतं? तुम्ही तिला सांभाळाल, याबद्दल शंका नाही. मी इथं माझी भाकरी थापीन.

मशीनमधून सगळं ऐकू येतं. पंखा, नळ, शेजारची मिक्सी. लुंबिनी गप्प आहे, तेही ऐकू येतं. म्हणून आज पुन्हा काढून ठेवलं.

नागसेन


लातूर
३१ मार्च २०२६

व्याहीबुवा नागसेनराव यांना कोंडाबाईचा सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र वाचलं आणि आठवडाभर उत्तर लिहिलं नाही. शिवानी दोनदा विचारून गेली. तिलाही आता आपल्या पत्रांची सवय झाली आहे.

परवा रविवारी लुंबिनी आली होती, हे तुम्हाला माहीत आहे. जेवणं झाल्यावर मी दोघांना समोर बसवलं. म्हणाले, मी बोलणार आहे, मधे कुणी किलोमीटर सांगायचे नाहीत. धम्मप्रियाचं नाव नांदेडला घाला. पोरगी आईजवळ पाहिजे हे मीच गाडीत म्हणाले होते, तर आई जिथं आहे तिथं जाऊ दे. लुंबिनी म्हणाली, “आणि तुम्ही?” मी म्हणाले, मी एसटीनं येईन. अख्खा रस्ता मला ओळखतो. ती म्हणाली, “आई, तसं न्हाई विचारलं.” तिनं कसं विचारलं होतं ते मला कळलं होतं. नात गेल्यावर घर खायला उठेल, ते मला माहीत आहे. त्याबद्दल तुम्हीही काही लिहू नका.

तरी दोघं जागचे हलेनात. म्हणून मी चमचा घेतला आणि पाण्याच्या तांब्यावर दोनदा वाजवला. लुंबिनीला काही कळलं नाही. आनंदराजला कळलं. एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला, हे तो बोलायला लागायच्या आधी शिकला होता. आईची गाडी सुटली की फाटकाशी उभं राहून तो तेवढंच ऐकायचा. तो उठला, तोंड धुऊन आला आणि त्यानं शोरूमला फोन लावला. रविवार होता म्हणून कुणी उचलला नाही, ते वेगळं.

गाडी हायब्रीडच घेणार आहेत. मला अजून ते नाव पटलेलं नाही. प्लग पोर्चमध्ये बसवायला उद्या माणूस येतोय आणि तो माझ्या मोगऱ्याच्या वरच बसणार आहे. एवढं होऊन विषय संपेल असं वाटलं होतं, तर कालपासून फोनवर रंगावरून सुरू झालंय. तिला पांढरा पाहिजे, त्याला काळा. काळ्यावर धूळ दिसते, पांढऱ्यावर चिखल दिसतो. मी नीलम्माकडं जाऊन बसले.

आता शेवटचं. घरात राजीनाम्याचं नाव निघालंच आहे, तर ते वाया जाऊ नये म्हणून लुंबिनीच्या ऐवजी मी दिला. सून कुठं राहील, काय करेल, कशातून जाईल, हे ठरवायचं जे काम सासूबाईंनी माझ्याकडं दिलं होतं, ते मी सोडलं. लुंबिनीलाही तसंच सांगितलं. तिला हसू आलं, मग रडू आलं, आणि मग दोन्ही एकदम.

चौदा एप्रिलला तुम्ही त्याच गाडीतून या. जेवण माझ्याकडं आहे, ज्वारी मात्र गावरान आहे. दारात उतरलात की मी तुम्हाला हेच सगळ्यांसमोर तोंडानं सांगणार आहे, की मी राजीनामा दिला. मशीन लावलेलं नसलं तरी चालेल. या वेळी तुम्हाला अर्धंच ऐकू आलं, तरी तेवढंही बरोबर आहे.

तुमची विहीण,
कोंडाबाई